नलूताईंची पोरं आणि त्यांची नाटकं

नाटक संपलं की आमच्या पत्र्याच्या पेटीत काहीतरी उरायचंच. एखादी मिशी, राक्षसाचा एक कान, कुणाची तरी चप्पल. किस्स्यांचंही तसंच झालं. मुद्दाम कुणी जमवले नाहीत. पण आम्ही जुनी मंडळी कुणाकडे चहाला बसलो की एकाने सुरू करायचं आणि दुसऱ्याने "छे, असं नव्हतं झालं" म्हणून तोंडातून काढून घ्यायचं. आज मी एकटीच सांगतेय, तेव्हा मधे टोकणारं कुणी नाही.

आधी नलूताई. उज्जैनमध्ये शाळेत गणित शिकवायच्या, फ्रीगंजात आमच्या शेजारी राहायच्या. घरोघर केबल यायला लागली होती, ते दिवस. गल्लीतली पोरं संध्याकाळी टीव्हीसमोर बसायला लागली, म्हणून नलूताईंनी त्यांना गोळा करून गणपतीत एक छोटंसं मराठी नाटक बसवलं. माझ्या मुलाला त्यात झाडाचं काम मिळालं. मी विजेच्या ऑफिसात टायपिस्ट. त्या झाडाची पानं शिवायला म्हणून एक दिवस गेले. मुलगा पुढे क्रिकेटकडे वळला, मी मात्र तिथेच राहिले.

पगार कुणालाच नव्हता. कामं मात्र सगळ्यांना होती.

*

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षीची गोष्ट. गणपतीच्या कार्यक्रमाला पुण्याचे एक पाहुणे आले होते. आमची मुलं उज्जैनची, म्हणजे त्यांचं मराठी कसं असणार? प्रधान राजाला म्हणाला, "महाराज, तुमची तब्येत तर एकदम खराब होऊन गेली." राणी म्हणाली, "मला तर काही समजूनच नाही राहिलं." पाहुण्यांच्या कपाळावर आठ्या.

आजीचं काम कविताने केलं होतं. तिचे शब्द मात्र घासून पुसून ठेवल्यासारखे लख्ख. पाहुणे भाषणात म्हणाले, "मुलं गोड आहेत, पण भाषेकडे लक्ष द्यायला हवं. त्या आजी झालेल्या मुलीकडून शिका. मराठी असं हवं." आणि त्यांनी कविताला परत स्टेजवर बोलावलं. डोक्यावर हात ठेवून विचारलं, "बाळ, तुमचं मूळ गाव कुठलं?"

कविताच्या वडिलांचं टॉवर चौकात कपड्याचं दुकान. घर सिंधी. मराठीचा एक शब्द तिला कळत नव्हता, सगळं पाठ केलं होतं.

तिने विंगेत उभ्या नलूताईंकडे बघितलं आणि माइकसमोरच विचारलं, "ताई, ये लाइन तो मेरे को दी ही नहीं थी?"

*

कवितामागोमाग तिच्या मैत्रिणी आल्या, मग त्यांचे भाऊ. नानाखेड्याहून टेम्पोत बसून मुलं यायला लागली. निम्म्याहून जास्त हिंदी बोलणारी. तेव्हा नलूताईंनी ठरवलं, गणपतीत मराठी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हिंदी नाटक करायचं.

यावर गणपती बसवणाऱ्या आमच्या मराठी मंडळात मीटिंग झाली. आप्पासाहेब म्हणून आमचे वडीलधारे होते. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकून होते, आणि ही गोष्ट नवीन माणसाला ओळख करून देतानाच कळायची. ते उठले. म्हणाले, "आपण दोनशे वर्षं इथे राहून भाषा टिकवली. मंडळ मराठी, पेटी मराठी, पडदा मराठी. त्या पडद्यावर हिंदी नाटक? मी स्पष्ट सांगतो..." आवाज चढत गेला, चेहरा लाल झाला, टेबलावर हात आपटला, "ये हम बिल्कुल चलने नहीं देंगे. समझ क्या रखा है आप लोगों ने?"

आप्पासाहेबांना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. ते हळूच खाली बसले.

नलूताई शांतपणे म्हणाल्या, "ठराव मी मराठीतच लिहिते, आप्पा."

त्या उन्हाळ्यात हिंदी नाटक झालं. आप्पासाहेब पहिल्या रांगेत बसले होते. त्यांची नात चेटकीण झाली होती.

*

मुलं वाढली तशी नलूताईंची बैठकीची खोली पुरेना. देवधरकाकांनी एका धर्मशाळेचा हॉल मिळवून दिला. काका स्टेशनमास्तर होऊन रिटायर झालेले, आमच्याकडे पडदा ओढायचे. उभ्या नोकरीत त्यांनी दोन गाड्या एका रुळावर येऊ दिल्या नाहीत. पण आमची रंगीत तालीम आणि एक लग्न मात्र त्यांनी एकाच हॉलमध्ये एकाच दिवशी आणलं.

आम्हाला कळलं तेव्हा बँड दारात वाजत होता. मुलं राक्षसांच्या पोशाखात, तोंडाला काळा-लाल रंग. "कुणी बाहेर जायचं नाही," असं नलूताई म्हणेपर्यंत अर्धे राक्षस अंगणात वरातीपुढे नाचत होते. घोडी बुजली. नवरदेवाने फेटा सावरला. वरपक्षाला वाटलं, मुलीकडच्यांनी स्वागताला काहीतरी नवीन आयटम ठेवलाय. वराचे काका खिशातून रुमाल काढून राक्षसांमध्ये घुसले आणि मनसोक्त नाचले.

नलूताई माफी मागायला मुलीच्या वडिलांकडे गेल्या. मीही मागे मागे. ते बिचारे हात जोडून आम्हाला एका बाजूला घेऊन गेले.

"बहनजी," ते हळू आवाजात म्हणाले, "समधीजी सुबह से मुँह फुलाए बैठे थे. पहली बार हँसे हैं. ये बच्चे बिदाई तक रुक जाएँगे क्या?"

मुलं थांबली. जेवून आली. त्या दिवशी तालीम काही झाली नाही.

*

मग बाजारात नवीन नवीन वस्तू आल्या आणि त्यांच्यामागे टाय लावलेली मुलंही आली. असाच एक जण आमच्याकडे आला, एका कोल्ड्रिंक कंपनीचा. मे महिन्यात टाय. नलूताईंनी आधी त्याला माठातलं पाणी दिलं.

तो म्हणाला, तुमच्या नाटकाचा पडदा आणि लाइट आमच्याकडून. फक्त आमचा बॅनर लावायचा, आणि राजाने दरबारात एक घोट पिऊन "वाह" म्हणायचं. नलूताईंना हे पटलं नव्हतं. पण आमच्या पडद्याला इतकी भोकं होती की मागचे राक्षस त्यातून आई-बाबांना हात करायचे. त्या हो म्हणाल्या.

राजा होता गोट्या, वय वर्षं आठ. त्याच्या घरी असलं काही आणत नसत. प्रयोगात सेवकाने बाटली दिली. गोट्याने एक घोट घेतला आणि थांबलाच नाही. दरबार उभा. प्रधान उभा. शत्रूचा दूत निरोप घेऊन उभा. प्रेक्षक बाटलीतली पातळी खाली जाताना बघतायत. बाटली रिकामी झाली. राजाने ती शांतपणे सेवकाला परत दिली, "वाह" म्हणायला तोंड उघडलं, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी ढेकर दिली.

लोक हसून हसून खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी राहिले. नलूताईंनी डोळे मिटून घेतले.

टायवाला मुलगा धावत विंगेत आला. चेहरा उजळलेला. "मैडम, ये डकार हर शो में हो सकती है क्या?"

*

आता मुकेशची गोष्ट.

मुकेशचे वडील मिलमध्ये कापड विणायचे. मिल बंद पडली. उज्जैनमध्ये त्या काळात असं झालेली घरं पुष्कळ होती. काहींनी भाजीच्या गाड्या लावल्या, काही इंदूरला गेले. मुकेशचे वडील घरातच बसले. त्याची आई कधीकधी माझ्याशेजारी पोशाख शिवायला बसायची. एकदा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "दीवार की तरफ मुँह करके बैठे रहते हैं. किसी से नहीं बोलते. मुकेश से भी नहीं."

मी तिच्या हातातली सुई घेऊन दोरा ओवून दिला.

त्या उन्हाळ्याचं नाटक असं होतं. एक राजा नवीन नगर वसवतो आणि लोकांना विचारत सुटतो, कुणाला काय येतं. नगरातले लोक म्हणजे आमचीच मुलं, पण ती प्रेक्षकांमध्ये बसलेली. राजाने विचारलं की एकेकाने जागेवरून उठून सांगायचं आणि स्टेजवर जायचं. राजा मुकेश. विणकराचं काम गोट्याकडे.

प्रयोग रविवारी सकाळी होता. मुकेशने घरी काय हट्ट केला कोण जाणे, वडील आले. बसले नाहीत. मागच्या दाराला टेकून उभे राहिले.

राजाने विचारलं, "मटके बनाना किसे आता है?" कविता उठली, "मुझे आता है." टाळ्या. ती वर गेली. मग सुतार गेला, मग गवंडी. प्रत्येकाला राजा म्हणायचा, "आइए, आपकी जगह खाली रखी है."

मग त्याने विचारलं, "कपड़ा बुनना किसे आता है?"

कुणी उठलं नाही.

मी विंगेत वही घेऊन उभी. मला वाटलं, गोट्या विसरला. मी कुजबुजले, "मुकेश, पुढचं घे." त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने पुन्हा विचारलं. नलूताईंनी माझा दंड धरला.

मुकेश सिंहासनावरून उठला, स्टेजच्या अगदी कडेला आला. "हमारे नगर में कपड़ा बुनना किसी को नहीं आता?"

मागच्या दारातून आवाज आला. घोगरा, खूप दिवस न वापरलेला.

"मुझे आता है."

सगळ्या माना वळल्या. मुकेशचे वडील खुर्च्यांमधून पुढे येत होते, खाली बघत, सावकाश. लोकांना वाटलं हे नाटकातलंच. त्यांनी मुलांसाठी वाजवल्या तशाच टाळ्या वाजवल्या. ते पायऱ्या चढून वर आले आणि मुलासमोर उभे राहिले.

"आइए," मुकेश म्हणाला. "आपकी जगह खाली रखी है."

ते विणकराच्या स्टुलावर बसले. स्टूल लहान मुलाचं, त्यांचे गुडघे छातीशी आले. नाटक संपेपर्यंत ते तिथेच बसून होते. शेवटी सगळी मुलं वाकली तेव्हा तेही वाकले, थोडे उशिरा.

पडदा पडल्यावर मी गोट्याला शोधायला बाहेर आले. म्हटलं, पाणी प्यायला गेला असेल, नाहीतर झोपला असेल.

तो तिसऱ्या रांगेत होता. पगडी, धोतर, सगळं नीट. दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून बसला होता.