मेलेल्यांच्या नावाने हीटर

जोसेफिन वसईहून मँचेस्टरला शिकायला गेली, तेव्हा चुलतभाऊ कॅसिमिरच्या घरी वर्षभर राहिली. घराच्या खिडकीतून जुनी कापडगिरणी दिसायची. गिरणीचे फ्लॅट झाले होते आणि त्यांच्या काचांवर वाफ धरलेली असायची. म्हणजे आत ऊब होती. कॅसिमिरच्या काचा मात्र लख्ख.

त्याने हीटरच्या बटणावर पेटी बसवून कुलूप लावलं होतं, आणि किल्ली गळ्यातल्या क्रुसाशेजारी अडकवली होती. "थंडी? आमच्या मँचेस्टरला ह्याला थंडी नाय म्हणत, बाय. स्वेटर घाल." हीटर लागायचा फक्त संध्याकाळच्या रोजरीला, माळ ओढत प्रार्थना म्हणायच्या वेळी. देवासमोर कुडकुडणं बरं नव्हे, म्हणून. बिचारी दिवसभर लायब्ररीत बसून अंग शेकायची. मग रोजरी संपत आली की एकेका मेलेल्याचं नाव काढायची. पावलूमामासाठी एक प्रार्थना, आग्नेसआजीसाठी एक. मेलेले संपले, तेव्हा तिने वसईच्या शेल्डनमास्तरांनाही त्यांच्यात घातलं. मास्तर तिकडे धडधाकट सायकल चालवत होते.

आता ती सिडनीजवळ टूनगॅबीत राहते, पॅथॉलॉजीत रक्त काढते. शीर पहिल्या टोचणीत सापडते आणि राग कुठे ठेवलाय तेही तिला नेमकं आठवतं. जानेवारीत कॅसिमिर तीन आठवडे मुक्कामाला आला. पारा त्रेचाळीसवर. एसीचा रिमोट जोसेफिनच्या गाऊनच्या खिशात.

"बाय, एसी बिघडलाय काय गो?"

"नाय भाऊ. आमच्या सिडनीला ह्याला गरमी नाय म्हणत. शर्ट काढ."

लेक वेंडी सोफ्यावर फिस्कन हसली. "मम, दॅट्स सॅव्हेज!"

"तू गप. जा, स्विमिंगला जा."

एसी लागायचा फक्त रोजरीला. जोसेफिनला त्याच्याकडून एकच वाक्य हवं होतं: तुला तेव्हा थंडी वाजत होती, माझं चुकलं. तेवढं म्हणाला असता, तर रिमोट त्याच्या उशाशी ठेवला असता.

दहाव्या दिवशी रोजरी संपली आणि कॅसिमिर डोळे मिटूनच म्हणाला, "पावलूमामासाठी एक." मग आग्नेसआजी. मग कुणी बोटवाला, मग त्या बोटवाल्याची सासू. थंड वाऱ्याखाली त्याची बनियन वाळत होती आणि आवाजात भक्ती दाटत होती. जोसेफिनला हसू आलं. म्हातारा झाला बिचारा, राहू द्यावा आज चालू. तिने रिमोट खिशातून काढून टेबलावर ठेवला.

"आणि शेल्डनमास्तरांसाठी," कॅसिमिर म्हणाला, आणि एक डोळा उघडून खदखदला. "तू तर त्यांना जिवंतपणीच मारलं होतंस गो!"

जोसेफिनची माळ थांबली. "तुला ठाऊक होतं?"

"नाय कसं? हीटरसाठी लांबवत होतीस. मी नि बायको किचनमध्ये जाऊन हसायचो."

"थंडी वाजते म्हणून लांबवते, हे ठाऊक होतं?"

"मग! पण स्वेटर होता ना तुझ्याकडे."

जोसेफिनने शांतपणे कपाळापासून खांद्यांपर्यंत क्रूस केला.

"आमेन," ती म्हणाली, आणि रिमोट उचलला.

टिंग.

कॅसिमिरच्या परतीच्या विमानाला अजून अकरा दिवस होते.