हेमावहिनी, कॉम्प्युटर आणि होय महाराजा

आमच्या शेजारच्या हेमावहिनींनी कधी कुणाशी आवाज चढवून भांडण केलं नाही. त्यांना त्याची गरजच पडत नाही. एकदा त्या "बघते मी" म्हणाल्या, की समोरच्यानं शहाणपणानं बाजूला व्हावं. २००४ साली हे शब्द एका कॉम्प्युटरपायी त्यांच्या तोंडून निघाले.

कॉम्प्युटर त्यांच्या मुलीसाठी, भार्गवीसाठी घेतलेला. ती रत्नागिरीतच कॉलेजात होती, शेवटचं वर्ष होतं आणि तिचा सगळा प्रोजेक्ट त्या मशीनमध्ये होता. हॉलमध्ये टीव्हीशेजारी तो मांडलेला, वर क्रोशाचं झाकण आणि मॉनिटरच्या कपाळावर गेल्या दसऱ्याचं कुंकू. वडील गोपाळराव, पावसला आंब्याची बाग असलेले गृहस्थ, संध्याकाळी मस्कतच्या भावाचे ईमेल त्यावर वाचत.

जुलैत त्या पडद्यावर आपोआप जाहिराती उघडायला लागल्या. एक बंद करावी तर दोन नव्या हजर. आधी लॉटरीच्या, मग जुगाराच्या आणि एके दिवशी, पूर्णगडचे पाहुणे चहा घेत असताना, एका बाईचं असलं चित्र, की पाहुण्यांनी कप खाली ठेवून माना अंगणाकडे वळवल्या. गोपाळरावांनी प्लगच उपटला. पाहुणे गेल्यावर लेकीवर कडाडले, "कसल्या साइट बघतेस गो तू? अब्रू घालवलीस!"

"बाबा, मी काही केलेलं नाय."

"मग काय मी केलं?"

इंटरनेट जिच्यातून यायचं ती फोनची वायर काढून त्यांनी कपाटात टाकली. कॉम्प्युटर बंद, शिक्षण पुरे, दिवाळीनंतर स्थळं बघायची, असा निकालही देऊन मोकळे झाले. भार्गवीनं बापाशी बोलणं टाकलं. माझा तर संताप झाला. घरात काही वाकडं घडलं की पहिलं बोट पोरीकडे!

वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "ही घाण कोणी आणलीन ते कळेपर्यंत पोरीला एक शब्द बोलायचा नाय. बघते मी."

त्यांनी तोवर माउसला हातही लावला नव्हता. बाजारातल्या दुकानातून त्यांनी दुरुस्तीवाल्या उन्मेषला बोलावलं. त्यानं बघून सांगितलं, "अ‍ॅडवेअर शिरलंय, काकी, जाहिराती उघडत सुटणारं चोरटं सॉफ्टवेअर. फॉरमॅट मारतो. सगळं पुसून कोरं."

"आणि प्रोजेक्ट?"

"तोही जाणार."

"उंदीर झाले म्हणून घर पेटवतोस काय? एकेक शोधून काढ. मी बसते इथं."

आणि बसल्या की! विळी आणि भाजीची टोपली घेऊन. उन्मेषनं तपासणी लावली, तर पडद्यावर कुकीजची, अनोळखी साइटींच्या नावानिशी, ही लांबलचक रांग. गोपाळराव मागून वाकून म्हणाले, "बघा! इतक्या ठिकाणी फिरून आलीय!"

"तसं नाय हो काका," उन्मेष म्हणाला. "तुम्ही साध्या बातम्या वाचल्यात, तरी तिथला जाहिरातवाला आपली खूण इथं ठेवून जातो. पुढच्या वेळी तुम्हाला ओळखायला. त्याच्या दुकानात जावं लागत नाय. पण या जाहिराती उघडतात त्या वेगळ्याच कारणानं. कोणीतरी इंटरनेटवरून फुकटचं काहीतरी उतरवून घेतलंन, त्याच्याबरोबर हे आत आलं."

कोणी, ते मात्र त्याला सांगता येईना. घरात सगळे एकाच नावानं मशीन वापरत.

चहाच्या वेळेपर्यंत कॉम्प्युटर साफ झाला. प्रोजेक्टही शाबूत राहिला. "संपला विषय," गोपाळराव म्हणाले.

"मशीन साफ झालं. पोरीवरचा आळ कुठं गेला?" वहिनींनी विचारलं.

त्यांनी कपाटातली वायर काढली, उन्मेषकडून जोडून घेतली आणि फर्मान काढलं: बापलेकीनं आपापलं काम माझ्या डोळ्यांदेखत करायचं. भार्गवी बसायची तेव्हा मध्येच एखादी चौकट वर यायची. ती वाचायची, "नो" दाबायची आणि पुढं जायची. मग एका संध्याकाळी, मीही तिथं होते तेव्हा, गोपाळराव बसले. साफसफाईत त्यांचा गणपती गेला होता, समईची ज्योत हलणारं ते चित्र त्यांना पडद्यावर परत हवं होतं. फुकट मिळायचं. चौकट आली, त्यांनी "यस" दाबलं. दुसरी आली, "यस". आणखी एक, "यस".

"काय विचारलंन त्याने?" वहिनी.

"कोण वाचतंय! विचारतोय तर हो म्हणावं."

आमच्याकडे देवापुढं गाऱ्हाणं घालतात. एक जण मागणं मागत जातो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला "होय महाराजा" म्हणतात. मागणं काय, ते निम्म्यांच्या कानांवरही पडत नाही. गोपाळराव त्या चौकटींना जन्माच्या सवयीनं होय महाराजा म्हणत होते.

गणपती आला आणि त्याच्यामागोमाग, सगळ्यांसमक्ष, तीच बाई आली.

गोपाळरावांचा चेहरा पाहून मला, खरं सांगते, बरं वाटलं. वहिनी मात्र एवढंच म्हणाल्या, "पोरीशी बोला." त्यांना ते जमलं नाही. मान खाली घालून ते पडवीत जाऊन बसले. उन्मेषला परत बोलावून वहिनींनी कॉम्प्युटर साफ करून घेतला.

गणेशचतुर्थीला पावसच्या मूळ घरी गाऱ्हाणं गोपाळरावच घालतात. आम्हीही गेलो होतो. "बागेला मोहोर येऊ दे रे महाराजा!" "होय महाराजा!" "परमुलखी गेलेली माणसं सुखरूप परत येऊ देत रे महाराजा!" "होय महाराजा!" मग ते अडखळले. "माझ्या लेकीवर मी खोटा आळ घेतला, ती चूक पदरात घे रे महाराजा!"

"होय महाराजा!" भाऊबंद ओरडलेसुद्धा.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "देवाने घेतलीन असेल पदरात. पण आळ पोरीवर आला होता. तिला विचारा."

भार्गवी पुढं आली. बापाशी इतक्या दिवसांत बोललेली नव्हती. म्हणाली, "बाबा, यापुढं काही झालं तर बोलण्याआधी मला विचाराल? आणि माझं शिक्षण पुरं होऊ द्याल?"

गोपाळरावांनी शेवटच्या शब्दापर्यंत नीट ऐकून घेतलं. मग जोडलेले हात लेकीकडे वळवून म्हणाले, "होय महाराजा."