जड माशी

माशी बांधून झाली की सुभेदार ती पाण्याच्या पेल्यात सोडत आणि वाकून, डोळे पेल्याच्या उंचीला आणून बघत राहत. "बुडाया पायजे, पर दगडात अडकाया नगं," म्हणत. पसंत पडली नाही तर बाहेर काढून सगळी उसवत.

माशी म्हणजे खरी नव्हे. गळाच्या आकड्यावर दोरा आणि गावठी कोंबड्याची पिसं गुंडाळून केलेला खोटा किडा. मासा त्याला फसतो. फौजेत असताना हिमाचलात ते हे शिकले. साताऱ्यात आमच्या शेजारी राहायला आल्यावर खिडकीशी आकडा घट्ट धरून ठेवणारा छोटा व्हाइस बसवून त्यांचं काम चाले. माशी तळाला जावी म्हणून पिसांच्या आत शिशाची बारीक तार गुंडाळावी लागते. एरवी झरझर चालणारा सुभेदारांचा हात तारेपाशी आला की अडखळे. एक वेढा घालत, थांबत, कधी तोही सोडून टाकत. तुम्ही शेजारी बसला असता तर तुम्हालाही वाटलं असतं, वय झालं. मलाही तेच वाटे.

एका रविवारी त्यांच्यासोबत कृष्णेवर मासे धरायला गेलो असताना माझी माशी तळाच्या खडकात अडकली. सोडवायला मी पाण्यात उतरलो. गुडघाभर गेलो असेन, तोच सुभेदारांनी मागून कॉलर धरून मला काठावर ओढलं आणि चाकूने दोर कापून टाकला.

"माशी परत बांधता येती रं!" ते ओरडले. मग तिथेच ओल्या दगडावर बसून त्यांनी सांगितलं.

पलटणीत शिवा नावाचा त्यांचा जोडीदार होता, आष्ट्याचा. सुट्टीच्या दिवशी दोघं नदीवर गेले. मोठा मासा तळाला आहे म्हणून सुभेदारांनी एका माशीला दुप्पट तार गुंडाळली आणि ती शिवाच्या दोराला लावून दिली. ती अडकली. "उस्तादांनी बांधल्याली हाय, कशी तोडू?" म्हणत शिवा त्या बर्फाच्या पाण्यात उतरला. पाय निसटला. प्रवाहाने त्याला नेलं.

त्याच्या घरी सुभेदारांनी एवढंच सांगितलं, पाय घसरला. शिवाच्या बायकोने, अक्कांनी, त्यांना भाऊ मानलं. दर भाऊबीजेला ते आष्ट्याला जात, ती त्यांना ओवाळी.

"त्या ताटाम्होरं बसवत न्हाई गड्या," ते म्हणाले. "औंदा सांगून टाकतो."

त्या भाऊबीजेला मीच त्यांना गाडीतून नेलं. अक्कांनी पाट मांडला होता. सुभेदार बसले नाहीत. उभ्यानंच सगळं बोलले, तारेसकट.

अक्कांनी ताट खाली ठेवलं. "त्ये पान्यात उतरलं, तवा तुमी कुठं हुता?"

"काठावर. हसत हुतो. म्हनलं, एका माशीपायी गडी भिजतोय."

निरांजन जळत राहिलं. अक्का म्हणाल्या, "आज जावा तुमी."

इस्लामपूर मागे पडलं. सुभेदार काचेबाहेर बघत म्हणाले, "लय उशीर केला. एवढी वर्सं तिला माज्याशी भांडूबी दिलं न्हाई मी."

त्यानंतर त्यांनी व्हाइसला हात लावला नाही. मी नदीचा विषय काढला की उठून आत जात.

पुढल्या भाऊबीजेला दुपारी आमच्या दारांसमोर रिक्षा थांबली. अक्का. एकट्याच एसटीने आलेल्या, हातात कापडी पिशवी. सुभेदार दारात आले आणि तिथेच खिळले.

"माफ केलं आसं समजू नगा," अक्का म्हणाल्या. "पर ह्या दिवशी घरात बसवंना."

ती सुभेदारांची शेवटची भाऊबीज ठरली. गडबडीत त्यांना टोपी सापडेना. डोक्यावर माझा रुमाल टाकून ते पाटावर बसले. मान इतकी खाली की रुमाल घसरून डोळ्यांवर आला. तो मागे घ्यायलाही त्यांचा हात उठेना. अक्कांनी डाव्या हाताने ताट सांभाळत उजव्या हाताने तो सारला आणि म्हणाल्या, "वर बगा की."