ओर्लेआँ ते इर्माचं छप्पर

आमच्या फ्लेमिश गावात रविवारी दक्षिणेचा वारा असला की पाद्रीबुवांचं प्रवचन आखूड होतं. त्यांचीही कबुतरं शर्यतीत असतात ना!

इर्माचा नवरा सिरील याने कबुतरांवर मोठं नाव कमावलं. नाव त्याचं, घाण काढणारे हात इर्माचे. खुराडी तिनेच खरवडली, आजारी पिल्लं तिनेच मांडीवर घेतली. हिवाळ्यात सिरील गेला आणि माझ्या कॅफेतली खिडकीजवळची त्याची खुर्ची फिर्मिन खाटकाने बळकावली. मला संताप आला, पण गिऱ्हाईक पडलं.

"कबुतरं विकून टाक, इर्मा," फिर्मिन म्हणाला. "शर्यत हे पुरुषांचं काम. तू आपलं सूप ढवळ."

"ओर्लेआँची शर्यत होऊ दे," इर्मा सगळ्यांसमोर म्हणाली. "तुझ्या कबुतरांपुढे हरले तर सगळी कबुतरं तुझी, फुकट. जिंकले तर त्या खुर्चीवरून उठायचं."

फिर्मिन पोट धरून हसला. मला मात्र त्या रात्री झोप नाही.

रविवारी पहाटे फ्रान्समध्ये, ओर्लेआँला, कबुतरांच्या टोपल्या उघडल्या. पावणेचारशे किलोमीटर, पाच तासांची भरारी. म्हणजे प्रार्थना आटोपून घरी पोचता येईल, असा इर्माचा हिशोब. पण पाठीमागून ढकलणारा वारा वाढला, म्हणजे कबुतरं लवकर येणार. चर्चबाहेर येताच तिने आभाळाकडे पाहिलं आणि सायकलवर टांग टाकली. मागे मी, धापा टाकत.

तिचा निळा नर छपरावर येऊन बसलेलाच होता! पण नुसतं येऊन भागत नाही. तो आत आला पाहिजे, पायातलं रबरी कडं काढून वेळ छापणाऱ्या घड्याळाच्या पेटीत टाकलं पाहिजे. निळा काही उतरेना. मान वाकडी करून खाली बघत राहिला.

"ये रे राजा, ये ना!" इर्मा रडकुंडीला आली.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "अगं बये, तुझी चर्चची टोपी! तो तुला ओळखत नाहीये!"

जाळीची काळी टोपी कोबीच्या वाफ्यात गेली. खिळ्यावरचा कामाचा निळा कोट तिने अंगात घातला, वाटाण्यांचा डबा खुळखुळवला. निळा सरळ आत.

कॅफेत पेट्या उघडल्या. फिर्मिनची वेळ दोन मिनिटं आधीची! त्याने सगळ्यांना बिअर सांगितली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

"उद्या टोपल्या घेऊन येतो गं," तो इर्माला म्हणाला.

इर्मा त्याच कोटात उभी होती. "मास्तर," निकाल मांडायला बसलेल्या शाळेच्या मास्तरांना ती शांतपणे म्हणाली, "अंतर धरा."

आमच्याकडे प्रत्येक घराचं अंतर वेगळं मोजतात आणि वेग काढून निकाल लावतात. फिर्मिनचं घर गावाच्या दक्षिण टोकाला. इर्माचं कालव्यापलीकडे, आणखी तीन किलोमीटर. तेवढं जास्त उडून, वर छपरावर रुसून बसूनही निळा दोनच मिनिटं मागे होता. मास्तरांनी पेन्सिलीला थुंकी लावली, हिशोब केला, पुन्हा तपासला आणि उठून उभे राहिले.

"पहिला नंबर, इर्मा!"

मी हातातला ट्रे टेबलावर बडवला. असा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

इर्मा खिडकीशी गेली.

"अगं, गंमत केली मी," फिर्मिन पुटपुटला.

"ऊठ."

तो उठला. इर्मा पाठ ताठ करून बसली. मी तिच्यापुढे बिअर ठेवली आणि म्हणाले, "शेवटी सिरीलची खुर्ची घरातच राहिली हो."

"माझी खुर्ची," इर्मा म्हणाली आणि ग्लास उचलला.