देवाप्पामामांचं ‘सरी’

आमचे देवाप्पामामा बंगलोरच्या एका बड्या क्लबात माळी होते. मैदानाला पाणी मारून झालं की साहेबलोकांना सरावासाठी बोलिंग टाकायचे. ती बोलिंग बघून सत्तावन्न साली इंग्लंडातल्या एका गिरणीगावच्या संघानं त्यांना पगारी खेळाडू म्हणून नेलं.

मामांना इथली सवय. कुणी काही सांगितलं की कानडीत ‘सरी’ म्हणायचं, म्हणजे बरं, बरोबर. तिथं घरमालकिणीनं काळ्यांना खोली नाही म्हणून दार लावलं. मामा म्हणाले, ‘सरी.’ संघाबरोबर चहाला बसू नकोस, असं कॅप्टननं बजावलं. ‘सरी.’ गोऱ्यांना ते ‘सॉरी’ ऐकू यायचं. किती नम्र माणूस, असं वर कौतुक! अरे, माफी मागायची कुणी होती?

मामा परतल्यावर क्लबनं सत्कार ठेवला. हार घालून झाल्यावर सेक्रेटरी विद्याधरसाहेब म्हणाले, “देवाप्पा, तुझा चहा मागं माळ्यांच्या खोलीत ठेवलाय हं.” आणि हा सेक्रेटरी घरात आपल्यासारखंच मराठी बोलणारा माणूस!

मामांनी हार काढून त्याच्या हातात दिला.

“सरी इल्ला,” ते म्हणाले. हे बरोबर नाही.

ते मात्र सगळ्यांना नीट ऐकू आलं.