वारा पाठीवर घेण्याची सवय

नायरी डॅलझेलला ड्रोनचा आवाजच मुळात सोसत नसे. डब्यात अडकलेल्या माशीसारखी ती घरघर ऐकली की तिच्या डोक्यात तिडीक जाई. त्यात त्या यंत्राला भुंकायची सोय करून ठेवलेली. खोटं भुंकणं. मॅनेजर फर्गसने पहिल्यांदा ते वाजवून दाखवलं, तेव्हा तिची चारही कुत्री पिकअपखाली जाऊन बसली. तिला स्वतःलाही तिथेच जाऊन बसावंसं वाटलं.

एकतीस वर्षं ती या डोंगरावर मेंढ्या हाकत होती. दर मार्चमध्ये, इथला उन्हाळा संपताना, बर्फ पडायच्या आत, वरच्या कुरणातल्या मेंढ्या खाली आणायच्या. पहाटे माथा चढायचा, वायव्येचा वारा पाठीवर घ्यायचा आणि कुत्री खाली सोडायची. वारा हुकमाची शिट्टी उचलून थेट कुत्र्याच्या कानात नेऊन टाकतो. उलट्या बाजूला उभं राहून कितीही फुंका, ती शिट्टी तुमची तुम्हालाच ऐकू येणार. हे नायरीला कधी कोणी शिकवलं नव्हतं, इतकं ते अंगात मुरलेलं होतं.

मग गुडघा गेला. ऑपरेशन झालं, चालणं जमू लागलं, पण दगडांवरून धावणं संपलं. फर्गसने सरळ सांगून टाकलं, की ड्रोन शिकलीस तर बाइकवरून माथ्यावर जा आणि एका जागी उभी राहून काम कर, नाहीतर गड्यांचा स्वयंपाक सांभाळ. स्वयंपाक म्हणजे सकाळ-संध्याकाळ मटण, आणि ताटांवर थिजलेली चरबी खरवडत बसणं. डोंगर सुटण्यापेक्षा ही माशी परवडली, असं म्हणत तिने नाक मुरडून रिमोट हातात घेतला.

शिकवणारा फर्गस. वय एकोणतीस, अक्कल त्याहून कमी, हे तिचं प्रामाणिक मत. त्याने आधीचे दोन ड्रोन घालवले होते. एक नदीकाठच्या झाडात, दुसरा लोकरीच्या शेडमागे. शेडच्या आडोशाला पान हलत नव्हतं, म्हणून साहेबांनी तो खुशाल उडवला. छपराच्या वर निघाला मात्र, वाऱ्याने उचलून पत्र्यावर आपटला. "खाली वारा नव्हता गं," असं तो पुढे आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटला. याच दरीत जन्मून ज्याला आडोसा आणि उघडं यातला फरक कळत नाही, त्याची तिला कीवसुद्धा येईना. शिसारी आली.

परीक्षेचा दिवस ठरला. तीनशे मेंढ्या, वरचं कुरण, वायव्येचा वारा. मेंढ्या खाली आल्या तर डोंगर तिचा. कुठे उभं राहायचं ते तिच्यावर सोडून फर्गस खाली फाटकापाशी वॉकीटॉकी घेऊन थांबला. नायरी अर्थातच माथ्यावर गेली आणि वाऱ्याला पाठ करून उभी राहिली.

ड्रोन सुटला तो बाणासारखा. बघता बघता मेंढ्यांच्या मागे गेला, भुंकला, वळला. मेंढ्या निमूट चालू लागल्या. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि ते सोपं असल्याचाही तिला रागच आला. मेंढ्या अर्ध्या उतारावर पोचल्यावर तिने त्याला परत बोलावलं.

तो येईना. तोंड तिच्याकडे, चारही पंखे जिवाच्या आकांताने फिरताहेत, आणि अंतर तेवढंच. बॅटरी चाळीस टक्के, मग छत्तीस. तिने त्याला उंच नेला, तर तो उलट मागेच सरकू लागला. एक सणसणीत शिवी हासडून तिने त्याला गवतालगत खाली आणला. तिथे तो थोडा थोडा पुढे सरकला, पण बॅटरी बावीसवर आली आणि मध्ये अर्धा डोंगर होता. हा पडला की आपणही पडलो, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

वॉकीटॉकीवर फर्गस म्हणाला, "नायरी, आणू नकोस त्याला. आहे तिथेच मोकळं गवत बघ आणि उतरव."

तिने उतरवला. एक पंखासुद्धा तुटला नाही. मेंढ्या थबकून बघत राहिल्या आणि मग आपल्या आपण खाली गेल्या.

फर्गस ड्रोन उचलून वर आला. तो टोमणा मारेल म्हणून तिने उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने मारला नाही, तेच तिला जास्त झोंबलं.

"तू त्याला कुत्र्यासारखं सोडलंस," तो म्हणाला. "कुत्रं दमलं तर बसतं. हे पडतं. बॅटरी भरलेली असताना याला वाऱ्याच्या विरुद्ध पाठवायचं. येताना मग वाराच आणून सोडतो."

"दोन फोडल्यावर कळलं वाटतं."

"हो. दोन फोडल्यावर."

"मग उभं कुठे राहायचं?"

"खाली, फाटकापाशी. काम तुझंच आहे, नायरी. फक्त वर यायची गरज नाही."

तिने त्याच्या बोलण्यात चूक शोधली. वारा, उतार, अंतर, सगळं दोनदा तपासलं. चूक नव्हती. या पोराचं बरोबर असावं, आणि तेही याच बाबतीत, याचा तिला मनस्वी वीट आला.

दुसऱ्या दिवशी, वर राहिलेल्या आणखी तीनशे मेंढ्यांसाठी, ती फाटकापाशी उभी राहिली, वारा तोंडावर घेऊन. ड्रोन कण्हत कण्हत वर गेला आणि मेंढ्यांना पुढे घालून अलगद खाली आला. बॅटरी अर्धी शिल्लक. वीस मिनिटांत काम संपत आलं. फर्गसने तिची पाठ थोपटली. तिने खांदा काढून घेतला.

एकतीस वर्षं तिने मेंढ्यांच्या पाठी पाहिल्या होत्या. आज पहिल्यांदाच तीनशे तोंडं तिच्याकडे चालत येत होती. तिला त्यातलं एकही आवडलं नाही. तिने फाटक उघडलं आणि बाजूला झाली.