अण्णांचा सुधीर, सुधीरचे अण्णा

आमच्या पालीच्या नाटकमंडळीचे किस्से म्हणजे पडवीतल्या चपला. आपला जोड शोधायला जावं, तर दुसऱ्यांचेच दहा पायात येतात! मी तिथला प्रॉम्प्टर. म्हणजे सगळं नाटक पाठ, पण टाळी एक नाही.

गावात टीव्ही नुकता आला होता, तेव्हाची गोष्ट. शाळेतल्या गुरुजींनी नाटक लिहिलं. बापलेक आंब्याच्या कलमावरून एकदम पडतात आणि बापाचा जीव लेकात, लेकाचा बापात! "असल्या गोष्टी सिनेमात हमखास चालतात," गुरुजी म्हणाले. भूमिका खऱ्याच बापलेकांना दिल्या, अण्णा आणि त्यांचा सुधीर. पण दोघांत अबोला! सुधीरला मुंबईत नोकरी मिळालेली, आणि अण्णांचं एकच पालुपद, "मग कलमांना फवारणी कोण मारणार?" त्यामुळे बोलायचे ते फक्त तालमीत.

पहिला आठवडाभर मी दोघांना उलटीच वाक्यं देत होतो. कुणाच्या लक्षात आलं असेल तर शपथ!

तालीम मग घरी शिरली. सुधीर आरामखुर्चीत पेपर उघडून ओरडायचा, "सुध्या, पाणी आण!" की अण्णा मुकाट उठून तांब्या आणायचे. सुधीरची आई, म्हणजे आमची काकी, खूश. गुरुजींना म्हणाली, "भावजी, तुमचं नाटक वर्षभर चालू दे हो!"

त्यातच देवरूखची मंडळी सुधीरला बघायला आली. अण्णा मान खाली घालून लाजत बसले, आणि सुधीरने पाहुण्यांना पीकपाणी विचारलं. चार दिवसांनी निरोप आला, "मुलगा नम्र आहे, पण वय जरा जास्त वाटतं!"

प्रयोग शनिवारी, आणि सुधीरने मुंबईत हजर व्हायचं सोमवारी. शेवटच्या प्रवेशात लेक झालेले अण्णा बापाकडे सायकल मागतात. अण्णा थांबले. मी विंगेतून ओरडतोय, "सायकल! सायकल!"

"गप रे मेल्या!" अण्णा माझ्यावरच खेकसले. मग सुधीरकडे वळून म्हणाले, "अण्णा, मला मुंबईला जायचंय."

सुधीर पांढराफटक. पण भूमिका सोडली नाही पठ्ठ्याने. "मग कलमांना फवारणी कोण मारणार?"

"फवारणीला गडी मिळतो, अण्णा. मी गेलो की तुम्हाला करमणार नाही, असं सरळ सांगा ना!"

मी भराभर पानं उलटली. वहीत काहीच नाही! मग वही मिटली आणि प्रॉम्प्टरचा प्रेक्षक झालो.

तिसऱ्या रांगेत काकी उभी राहिली. "नाय करमणार! मला पण नाय करमणार! तरी जाऊ दे पोराला!"

अण्णा वाकले आणि सुधीरच्या पाया पडले.

सुधीरने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "पोचलास की पत्र टाक."